जवान ते लेफ्टनंट: एसीसीचा रस्ता, कागदापासून कमिशनपर्यंत

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत दारावर ‘कॅप्टन’ अशी पाटी असलेली घरं दिसतात. त्यातले बरेच जण ऑनररी कॅप्टन असतात. सुभेदार, सुभेदार मेजर होऊन आयुष्यभर चोख नोकरी केली, आणि शेवटी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन म्हणून नाव लागलं. हा मान मोठा आहे, तो सगळ्यांना मिळत नाही. पण ही पोस्ट वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. शिपाई, नाईक किंवा हवालदार असताना, विशी-पंचविशीत लेखी परीक्षा आणि एसएसबी (अधिकारी निवडायची पाच दिवसांची चाचणी) देऊन अकादमीत जायचं, लेफ्टनंट होऊन बाहेर पडायचं आणि पुढे बढतीच्या बोर्डापुढे एनडीएवाल्यांच्या बरोबरीनं उभं राहायचं, त्याबद्दल. हा रस्ता आहे हे बहुतेक जवानांना ठाऊक असतं. तो नेमका कुठून सुरू होतो हे मात्र फार थोड्यांना वेळेत कळतं, आणि यात वेळेला सर्वांत जास्त किंमत आहे.

कोणती स्कीम कुणासाठी

सर्व्हिस एंट्रीची मुख्य दारं तीन. पहिलं एसीसी, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज. वय २० ते २७, किमान २ वर्षांची नोकरी, बारावी पास. तीन वर्षं एसीसी विंगमध्ये पदवीचं शिक्षण आणि त्यापुढे एक वर्ष इंडियन मिलिटरी अकादमीत (आयएमए). दुसरं एससीओ, म्हणजे स्पेशल कमिशन्ड ऑफिसर. वय २८ ते ३५, किमान ५ वर्षांची नोकरी, बारावी पास, प्रशिक्षण एक वर्षाचं. तिसरं स्पेशल लिस्टचं पर्मनंट कमिशन. त्यासाठी किमान १० वर्षांची नोकरी आणि वयाची कमाल मर्यादा ४२. क्वार्टरमास्टर, रेकॉर्ड अशा कामांचा अनुभव असलेल्यांसाठी हे दार मुख्यतः आहे.

चौथंही एक दार आहे, पण जवानांच्या ते लक्षात येत नाही. यूपीएससीची सीडीएस परीक्षा, जिच्यातून पदवीधर थेट अधिकारी होतात. पदवी हातात असेल, लग्न झालेलं नसेल आणि वय २४-२५ च्या आत असेल, तर वर्दीतला माणूसही ती देऊ शकतो. अर्ज करताना युनिटला लेखी कळवायचं. ज्यांनी भरतीआधीच बीए-बीएस्सी केलंय, त्यांनी एसीसी आणि सीडीएस दोन्हीकडे लक्ष ठेवावं. सीडीएसनं आयएमएत गेलात तर प्रशिक्षण दीड वर्षाचं असतं. एसीसीच्या चार वर्षांपुढे हा फरक लहान नाही.

वयाचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. कमिशननंतर २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. हे नोकरीच्या काळावर मिळतं, अर्थात ठरलेल्या परीक्षा आणि अटी पुऱ्या करून. २२ व्या वर्षी एसीसीत गेलेला मुलगा २६ ला लेफ्टनंट होतो, ३२ ला मेजर आणि ३९ ला लेफ्टनंट कर्नल. २७ व्या वर्षी गेलेला ३१ ला लेफ्टनंट, ३७ ला मेजर, ४४ ला लेफ्टनंट कर्नल. कर्नलपासून पुढे सिलेक्शन बोर्ड लागतो आणि कर्नलचं निवृत्तीचं वय ५४ आहे. म्हणजे उशिरा गेलेल्या माणसाला युनिटची कमान मिळायला वाव कमी उरतो. एससीओतून ३५-३६ व्या वर्षी आलेल्याला तर आणखी कमी. ‘आधी नाईक होऊ, मग बघू’ असा सल्ला बराकीत सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दोन वर्षं पूर्ण होताच पहिला अर्ज गेला पाहिजे.

कागद: इथेच निम्मे थांबतात

सगळा प्रवास कंपनी ऑफिसातून सुरू होतो. वर्षातून दोन कोर्स असतात. सूचना युनिटला येते, हेड क्लार्ककडे जाते, रोल कॉलला वाचली जाते किंवा नोटीस बोर्डावर लागते. त्या दिवशी तुम्ही सुट्टीवर, कोर्सवर किंवा पोस्टवर असाल तर ती चुकते. त्यामुळे कंपनी क्लार्कला आणि एज्युकेशनच्या हवालदाराला आधीच सांगून ठेवा, की मला एसीसीला बसायचंय, सूचना आली की कळवा. कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून सीओ साहेबांच्या इंटरव्ह्यूत ही इच्छा अर्जाच्या आधीच एकदा कानावर घातलेली बरी.

आता महाराष्ट्रातल्या मुलांची खास अडचण. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: पाटील सचिन तुकाराम. भरतीच्या वेळी एनरोलमेंट फॉर्मवर लिहिलं गेलं सचिन पाटील, किंवा सचिन तुकाराम पाटील, आणि कधी नुसतंच सचिन तुकाराम. आधारवर आणखी एक तऱ्हा. शिपायाच्या नोकरीत यानं फारसं अडत नाही. कमिशनच्या कागदपत्रांत मात्र प्रत्येक अक्षर पडताळलं जातं, आणि नावाचा क्रम किंवा स्पेलिंग जुळलं नाही तर फाइल परत येते. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते, प्रतिज्ञापत्र लागतं, काही वेळा राजपत्रात नाव छापून आणावं लागतं, आणि यात कित्येक महिने सहज जातात. अर्जाचा विचार सुरू केला त्याच आठवड्यात दहावी, बारावी, आधार, पॅन आणि सर्व्हिस रेकॉर्ड असे पाचही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचून काढा. सर्व्हिस रेकॉर्डमधली जन्मतारीख बदलून घेणं अतिशय अवघड असतं हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे जवानाच्या नोंदी अधिकृतपणे जाहीर करणाऱ्या युनिटच्या आदेशाची. बारावी भरतीनंतर पास झाला असाल, तर गुणपत्रिका ट्रंकेत असून भागत नाही. ती पात्रता पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध होऊन रेकॉर्डवर चढायला हवी. नसेल तर कागदोपत्री तुम्ही अजून दहावी पासच आहात. ज्यांची बारावी व्हायची आहे त्यांना राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षा) आणि एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) हे दोन मार्ग आहेत. फौजीला एनआयओएस सोयीचं पडतं, कारण ते देशभर चालतं आणि तिथे मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे. पोस्टिंग सिक्कीमला असलं तरी परीक्षेसाठी साताऱ्याला यायला नको. परीक्षेला बसण्याआधी युनिटची परवानगी लेखी घ्या आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा.

तिसरी गोष्ट कंडक्ट शीट, म्हणजे वर्तणुकीची नोंद. रेड इंक एंट्रीनं, म्हणजे लाल शाईनं नोंदलेल्या शिक्षेनं, हे दार बंद होऊ शकतं. तरुण जवानाच्या शीटवर ती बहुतेकदा सुट्टीवरून उशिरा परतल्यामुळे पडते. आर्मी ॲक्टचं कलम ३९ पुरेशा कारणाविना सुट्टी ओलांडण्याबद्दल आहे. ‘पुरेशा कारणाविना’ हे शब्द महत्त्वाचे. गाडी रद्द झाली, दरड कोसळली, घरी कुणाला दवाखान्यात हलवावं लागलं, तर त्याच दिवशी युनिटला फोन करायचा, मुदतवाढ मागायची, आणि स्टेशन मास्तरचा दाखला किंवा दवाखान्याचे कागद बरोबर न्यायचे. दोन दिवसांच्या आळसापायी पुढची ३० वर्षं घालवणारी हुशार मुलं आहेत, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

मेडिकल कॅटेगरी शेप-१ लागते. यातली पाच अक्षरं म्हणजे मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, सर्वसाधारण शरीर आणि डोळे. फायरिंगनं कानावर आणि वजन घेऊन धावण्यानं गुडघ्यावर परिणाम होतो. रेंजवर इअर प्लग घालायला लाजू नका.

लेखी परीक्षा

एसीसीची लेखी परीक्षा बारावीच्या पातळीची असते. इंग्रजी, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी, गणित-विज्ञान. जीडीच्या (जनरल ड्युटी) जवानाची दोन ठिकाणी दमछाक होते: सोडून पाच-सहा वर्षं झालेलं गणित, आणि इंग्रजी. गणितासाठी नववी-दहावीची पुस्तकं पुन्हा काढा. टक्केवारी, काळ-काम-वेग, त्रिकोणमितीची सुरुवात, क्षेत्रफळ-घनफळ एवढं पक्कं झालं की पायाखाली जमीन येते. इंग्रजीसाठी व्याकरणाची जाडजूड पुस्तकं विकत घेण्यापेक्षा रोज वर्तमानपत्रातला एक छोटा लेख मोठ्यानं वाचा, तो बंद करा आणि त्यातलं आठ ओळींत लिहून काढा. रोज म्हणजे गार्ड ड्युटीच्या दिवशीही. सहा महिने हे केलं तर लेखी निघतेच, शिवाय एसएसबीला तोंड उघडायची सवय लागते. अनेक युनिट्स आणि फॉर्मेशन्स तयारीसाठी कॅडर, म्हणजे खास वर्ग, चालवतात. त्यात नाव लागलं तर ड्युटीतून थोडी मोकळीक मिळते, म्हणून त्याची चौकशी सोडू नका.

एसएसबी: जवान इथे का अडकतो

प्रयागराज, भोपाळ, बंगळूर आणि जालंधर ही लष्कराची सिलेक्शन सेंटर्स. पाच दिवसांची चाचणी. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, आणि त्यातून वगळलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. नंतर मानसशास्त्रीय चाचण्या, दोन दिवस ग्राउंड (मैदानावरची गटातली कामं), मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स.

जवान इंग्रजीमुळे पडतो असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मोडकंतोडकं पण स्पष्ट इंग्रजी बोलणारी मुलं रेकमेंड होतात, म्हणजे बोर्ड त्यांची शिफारस करतं. अडचण सवयीची असते. फौज शिपायाला पहिल्या दिवसापासून शिकवते, की हुकूम ऐक, तो पुरा कर, मध्ये आपलं डोकं चालवू नकोस. शिपाई म्हणून हे बरोबरच आहे, याशिवाय सेक्शन चालत नाही. पण एसएसबीत तपासतात ते नेमकं उलट: कुणीही हुकूम दिलेला नसताना हा माणूस काय ठरवतो, का ठरवतो, आणि चार जणांना ते कसं पटवतो. सहा-सात वर्षं ‘जी साहब’ म्हणणाऱ्या जिभेला ‘माझ्या मते असं करूया’ म्हणायला सरावच लागतो.

हे कागदावर कसं उमटतं ते टीएटीमध्ये, म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायच्या चाचणीत बघा. १२ चित्रं असतात, त्यातलं शेवटचं कोरं. प्रत्येक चित्र ३० सेकंद दिसतं आणि गोष्ट लिहायला ४ मिनिटं. समजा धूसर चित्रात चिखलात अडकलेली गाडी आणि शेजारी तीन माणसं आहेत. जवान हमखास लिहितो: गाडी अडकली, नायकानं कंपनी कमांडरना फोन केला, साहेबांनी रिकव्हरी गाडी पाठवली, गाडी निघाली, साहेबांनी शाबासकी दिली. या गोष्टीत नायकानं काय केलं? फोन. आता हीच गोष्ट अशी लिहा: हवालदार राजेश रेशन घेऊन पोस्टवर चाललाय, पावसानं रस्ता खचलाय, मागचं चाक रुतलं. त्यानं एक माणूस वळणावर उभा करून मागची वाहतूक थांबवली, निम्मं सामान उतरवलं, चाकाखाली दगड आणि फळ्या घातल्या, दुसऱ्या गाडीनं ओढून घेतलं, वायरलेसवर तासाभराचा उशीर कळवला आणि अंधाराआधी रेशन पोचवलं. परतताना त्या जागी दगडांचा भराव टाकून घेतला. कळवणं इथेही आहे, पण काम करून झाल्यावर. आणि हे सगळं तुम्ही प्रत्यक्षात करता! सिव्हिलमधून आलेल्या मुलाला हे रचावं लागतं, तुम्हाला फक्त लिहायचं असतं. जवानाकडे अनुभवाचा डोंगर आहे, तो कागदावर उतरत नाही एवढंच.

वर्ड असोसिएशनला, म्हणजे शब्द दिसला की वाक्य लिहायच्या चाचणीला, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. ‘सीनियर’ शब्द आला की बहुतेक जवान ‘सीनियर्स शुड बी ओबेड’ लिहून मोकळे होतात. उपदेशाचं वाक्य, ज्यात तुम्ही कुठेच नाही. ‘गुड सीनियर्स ट्रेन देअर ज्युनियर्स’ हे त्याहून जिवंत. ‘शुड’ आणि ‘मस्ट’ हे दोन शब्द सरावातून हद्दपार करा, निम्मी सुधारणा तिथेच होते. सिच्युएशन रिॲक्शनला ६० प्रसंग ३० मिनिटांत, म्हणजे एकाला अर्धा मिनिट. रेल्वेत शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली, तर ‘टीटीईला कळवीन’ एवढंच लिहून थांबू नका. टेकून बसवलं, कपडे सैल केले, डब्यात डॉक्टर आहे का विचारलं, १३९ वर फोन करून पुढच्या स्टेशनवर मदत मागितली, घरच्यांना कळवलं. पाच तुकडे, क्रियापदांत, एका दमात. स्वतःबद्दलच्या वर्णनाला १५ मिनिटं असतात: आईवडील, वरिष्ठ, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, तुम्ही स्वतः काय म्हणता, पुढे काय बनायचंय. हे घरीच लिहून सराव करून जा, पण खरं लिहा. मुलाखतीत यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो.

सरावाला घड्याळ लागतंच. आठवड्यातून दोनदा पूर्ण सेट, वेळ लावून. बाजारात तयार गोष्टी पाठ करून घेणारे क्लास आहेत, त्यांना पैसे देऊ नका. चार मिनिटांच्या घाईत पाठ केलेली गोष्ट दुसऱ्याच चित्राला चिकटवली जाते, आणि १२ गोष्टी वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

ग्राउंडवर जवानाच्या दोन उलट चुका होतात. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कला फट्टा (फळी), बल्ली (लाकडी वासा) आणि रस्सी देतात. रंगांचे आणि अंतरांचे नियम सांभाळून, जमिनीला न लागता, सामानासकट सगळा गट पलीकडे न्यायचा. जमिनीवर पाय लागला की मागे. ताकदवान जवान पटकन बल्ली खांद्यावर घेतो आणि शेवटपर्यंत खांबासारखा उभा राहतो. मेहनत सर्वांत जास्त, पण विचार एकही बोललेला नाही. दुसरी चूक हवालदारांची. तीन वर्षं सेक्शन चालवलेला माणूस आवाज चढवतो, ‘ए, तू इधर पकड, तू हट’. गटातला प्रत्येक जण इथे बरोबरीचा उमेदवार आहे, त्याला हुकूम सोडणं खटकतं. मधला मार्ग असा: आधी कल्पना सांगा, मग सामान उचला. ‘बल्ली इथे टेकवून फट्टा त्यावर अडकवला तर दोघं पलीकडे जातील, मी आधी जाऊन बघतो.’ कल्पना, कारण आणि स्वतःचा सहभाग एका वाक्यात आले. दुसऱ्याची कल्पना बरी असेल तर लगेच तिच्या मागे उभं राहायचं. ते कमीपणाचं मानलं जात नाही.

ग्रुप प्लॅनिंगमध्ये मात्र तुमचा हात वर असायला हवा. मॉडेलवर दोन-तीन संकटं एकदम दिलेली असतात. आधी १० मिनिटांत स्वतःचा प्लॅन लिहायचा, मग २० मिनिटं चर्चा. मॅप रीडिंग केलेल्या माणसाला अंतर-वेळेचा हिशोब हाताशी असतो. गावाला ६ किलोमीटर, पायी दीड तास, ट्रॅक्टरनं २० मिनिटं, म्हणून ट्रॅक्टर आधी रुग्णाकडे. हे बोलून दाखवा, आकडे देऊन. लेक्चरेटला, म्हणजे छोट्या भाषणाला, तीन मिनिटं तयारीची आणि तीन बोलण्याची. चार विषयांतला ज्यावर खरोखर चार मुद्दे आहेत तोच घ्या, भारी नावाचा नको. वैयक्तिक अडथळे १०, गुण १ ते १०, एकूण ५५, वेळ ३ मिनिटं. इथे जवान पुढेच असतो, फक्त जास्त गुणांचे आधी करायचं ठरवून जा.

मुलाखत

मुलाखत तुम्ही भरलेल्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्मवर चालते. आपल्या युनिटबद्दल, ट्रेडबद्दल, हत्याराबद्दल विचारतात. इन्सासचा कॅलिबर ५.५६ मिलिमीटर, परिणामकारक मार ४०० मीटर, हे सगळे सांगतात. पुढचा प्रश्न ‘का’चा असतो. तुमच्या सेक्शनची एलएमजी (लाइट मशीनगन) या टेकडीवर कुठे लावाल, आणि तिथेच का? लंगरमध्ये रेशन वाया जातं, तुम्ही काय बदलाल? दोन महिन्यांच्या सुट्टीत काय केलं? ‘आराम केला’ हे उत्तर प्रामाणिक असलं तरी त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. गावातल्या मुलांना भरतीसाठी पळवलं, विहिरीच्या मोटरचं काम केलं, बहिणीच्या लग्नाचा हिशोब सांभाळला, हे सांगण्यासारखं आहे. ‘अधिकारी का व्हायचंय’ याला पगार आणि मान एवढंच उत्तर असेल तर घरी बसून त्यावर पुन्हा विचार करा. कंपनीत तुम्हाला काय बदलावंसं वाटतं आणि ते शिपाई म्हणून का बदलता येत नाही, खरं उत्तर तिथे सापडतं.

रेकमेंड झाल्यावर मेडिकल बोर्ड आणि मग मेरिट. रेकमेंड होणं म्हणजे कोर्सला जाणं नव्हे. जागा मोजक्या असतात.

एसीसी: आधी पुणे, आता देहरादून

जवानातून अधिकारी ही कल्पना आयएमएइतकीच जुनी आहे. १९३२ साली आयएमएची पहिली तुकडी ४० जणांची होती. त्यात खुल्या स्पर्धेतून १५, संस्थानी फौजांतून १० आणि सैन्याच्या रांगांतून, म्हणजे जवानांतून, १५. खुल्या स्पर्धेतल्या १५ मध्ये सॅम माणेकशॉ होते, आणि रांगांतून आलेल्यांत मोहम्मद मुसा, जे पुढे पाकिस्तानचे लष्करप्रमुख झाले. रांगांतल्या मुलांच्या तयारीसाठी बुंदेलखंडातल्या नौगाव इथे १९२९ पासून किचनर कॉलेज होतं. १९६० साली त्याचंच आर्मी कॅडेट कॉलेज झालं. नंतर ते पुण्यात होतं आणि १९७७ ला देहरादूनला गेलं. २००६ पासून ते आयएमएत विलीन आहे, सियाचिन बटालियन या नावानं.

मराठी मुलुखाजवळचं नाव हवं असेल तर रामा राघोबा राणे यांचं घ्या. कारवारचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर (इंजिनिअर दलाचे शिपाई) म्हणून भरती, ब्रह्मदेशच्या लढाईत हवालदार, आणि १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. चारही महिने झाले नव्हते तोच एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करायचं काम त्यांच्यावर आलं. पाडलेली झाडं आणि सुरुंग यांनी रस्ता अडवलेला, वरून मशीनगन आणि मॉर्टर. मांडीला जखम असताना त्यांनी टँकच्या आडोशानं सरकत सुरुंग काढले आणि ८ ते ११ एप्रिल टँकना वाट करून दिली. परमवीरचक्र मिळालं. सुरुंग काढणं त्यांना सॅपर असल्यापासून येत होतं. कुठला अडथळा फोडायचा आणि कुठला वळसा घालून टाळायचा हे आता त्यांना ठरवायचं होतं.

एसीसीत तीन वर्षं, सहा टर्म. विज्ञान किंवा मानव्यशाखा, पदवी दिल्लीच्या जेएनयूची. या काळात रँकचा पगार चालू राहतो, त्यामुळे घरचे हप्ते थांबत नाहीत. शारीरिक बाजू जवानाला जड नाही. बीपीईटीचे (जवानांची शारीरिक चाचणी) ५ किलोमीटर, ९ फुटांची खाई, उभी रस्सी हे सगळं परिचयाचं. दोन गोष्टी जड जातात. एक पोहणं. ज्याच्या गावाला नदी-विहीर नाही त्यानं युनिटजवळच्या तलावात आधीच शिकून घ्यावं, उंच बोर्डावरून उडी मारण्यासकट. दुसरं म्हणजे सात वर्षांची नोकरी झालेल्या माणसाला पुन्हा नव्या पोरासारखा रगडा. ‘मी नाईक होतो’ हे मनातून काढलं नाही तर पहिली टर्म फार कडू जाते. पेपर निघाले नाहीत तर टर्म मागे पडते, म्हणजे सहा महिने आणि तेवढीच सीनियॉरिटी.

पैशाचं थोडक्यात. सातव्या वेतन आयोगानं शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून आणि हवालदाराचा २९,२०० पासून सुरू होतो, लेफ्टनंटचा ५६,१०० पासून. मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० वरून १५,५०० होतो. वर महागाई भत्ता वेगळा. खर्चही वाढतो: नवे युनिफॉर्म, मेस बिल, मेसचे कार्यक्रम. पहिल्या वर्षात गाडीचा हप्ता डोक्यावर घेऊ नये.

रेकमेंड नाही झालात तर

पाचव्या दिवशी तुमचा चेस्ट नंबर वाचला गेला नाही, तर परतीच्या गाडीतच वही काढा. मुलाखतीतले सगळे प्रश्न, लक्षात असलेली चित्रं, तुम्ही लिहिलेल्या गोष्टी, ग्राउंडवर कुठे बोललात आणि कुठे गप्प राहिलात, सगळं त्याच दिवशी. दोन दिवसांनी निम्मं विसरतं. बोर्ड कारण सांगत नाही, ते तुम्हाला या वहीतूनच शोधावं लागतं. युनिटमध्ये एखादे तरुण कॅप्टन किंवा लेफ्टनंट साहेब असतील, त्यातही स्वतः एसीसीतून आलेले असतील, तर त्यांना ही वही दाखवा. पुढचा कोर्स सहा महिन्यांवर असतो, आणि लेखीचा अभ्यास त्या मधल्या काळात सुटू द्यायचा नाही. वय २७ च्या पुढे सरकलं की एसीसीचा नाद सोडून एससीओच्या अटींप्रमाणे कागद पुन्हा तपासायला घ्या: पाच वर्षांची नोकरी, बारावीची पार्ट टू ऑर्डर, स्वच्छ कंडक्ट शीट, शेप-१. आणि २८ पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पहिल्याच सूचनेला अर्ज कंपनी ऑफिसात द्या, पोचपावती घेऊन.